मटण-भाकरी (धाराशिव जिल्हा)

मटण-भाकरी हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात रस्त्याकडेच्या ढाब्यांवर व खानावळींत मिळणारे प्रमुख मांसाहारी जेवण आहे. बोकडाचे मटण, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी हे त्याचे मुख्य घटक होत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–बीड (राष्ट्रीय महामार्ग ५२) आणि सोलापूर–नळदुर्ग–उमरगा–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५) या मार्गांवरील प्रवासी व मालवाहू वाहनांचे चालक हे या ढाब्यांचे नेहमीचे ग्राहक आहेत.

उस्मानाबादी शेळी

या जेवणाची ओळख उस्मानाबादी शेळीशी निगडित आहे. ही जात प्रामुख्याने काळ्या रंगाची, लोंबत्या कानांची आणि मांस व दूध या दोन्हींसाठी पाळली जाणारी आहे. जुळी करडे होण्याचे प्रमाण तिच्यात चांगले आहे. कमी पावसाच्या प्रदेशात ती झाडपाला व शेतातील अवशेषांवर तग धरते. त्यामुळे अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना अडचणीच्या वेळी विकून पैसा उभा करता येईल असे ते पशुधन आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, तरी शेळीची जात जुन्याच नावाने ओळखली जाते.

पाककृती

मटण प्रथम हळद, मीठ व आले-लसूण लावून शिजवतात. त्यातून निघणारे तिखट न घातलेले पाणी ‘अळणी’ म्हणून वेगळे वाढले जाते. भाजलेला कांदा व सुके खोबरे यांचे वाटण तेलात परतून त्यात काळा मसाला घालतात आणि रस्सा उकळतात. काळ्या मसाल्यात धने, सुक्या मिरच्या, तीळ, दगडफूल, लवंग, मिरी इत्यादी जिन्नस असतात. रस्सा दाट करण्यासाठी काही घरांत येसर, म्हणजे भाजलेली धान्ये व डाळी यांचे मसालेदार पीठ, वापरतात.

ज्वारीच्या पिठात चिकटपणा आणणारे ग्लुटेन नसते. म्हणून पीठ गरम पाण्यात मळून भाकरी लगेच हाताने थापावी लागते. ती तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवतात व शेवटी विस्तवावर फुगवतात. भाकरी रश्श्यात कुस्करून खाण्याची पद्धत आहे. सोबत कांदा, लिंबू व शेंगदाण्याची चटणी असते. श्रावणात, तसेच अनेक घरांत देवीचा वार मानल्या जाणाऱ्या मंगळवारी मांसाहार टाळतात.

अस्सलपणा

‘गावरान’, ‘चुलीवरचे’ असे शब्द ढाब्यांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. तो मात्र ढाबेवाल्याचा दावा असतो. जिल्ह्यातील कुंथलगिरी खव्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मटण-भाकरीचा अस्सलपणा मात्र कागदावर नाही, तर स्थानिक शेळी, ज्वारी आणि ताजी भाकरी थापणारे हात यांवर टिकून आहे. मराठवाड्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढल्याने ज्वारीची जागा कमी झाली, ही त्यामुळेच महत्त्वाची बाब ठरते.

या जेवणातील सर्व घटक मूळचे स्थानिक नाहीत. मिरचीचे मूळ मेक्सिकोकडे असून ती पोर्तुगीजांमार्फत भारतात आली; भुईमूग दक्षिण अमेरिकेतील आहे. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील ‘बिर्रिया’ हा पारंपरिक पदार्थही बोकडाचे मांस सुक्या मिरच्यांत शिजवून करतात आणि मक्याच्या पोळीसोबत खातात.

हे सुद्धा पहा

उस्मानाबादी शेळी
ज्वारी
काळा मसाला