खारेपाटणचा ताम्रपट व कोनदार मुद्राक्षर

विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटण येथें मिळालेला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट संशोधकांस सुपरिचित आहे. जवळच्याच पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. पुढें कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडांत तो पुन्हां संपादिला. त्यांतील वंशावळीचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आम्हांस येथें धातूवरील नागरी अक्षराचा विचार कर्तव्य आहे.

त्यास निमित्त असें. मथळ्यांसाठीं जाड, चौकोनी, कोनदार वळणाचे टंक हल्लीं संगणकावर पुष्कळ दिसतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' (२०१४) हा त्यांपैकीं एक. या घाटाचें रोमन अक्षर त्यापूर्वींच इटलींतील तुरिन येथें 'मायक्रोग्रामा' (१९५२) व 'युरोस्टाइल' (१९६२) या नांवांनीं निघालें होतें. म्हणून असें देवनागरी अक्षर परकें व यंत्रयुगाचें, असा आक्षेप ऐकूं येतो.

हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. अक्षराचें वळण हत्याराच्या अधीन असतें. बोरूची जीभ तिरपी कापलेली, म्हणून पोथींतील रेघ कोठें जाड, कोठें बारीक. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या (स्थापना १८६९) खिळ्यांनीं हेंच वळण शिशांत उतरविलें. ताम्रपटाच्या कोरक्यास मात्र हें सुख नाहीं. छिन्नी सरळ रेघ सहज काढते. वाटोळें वळण तिला लहान लहान घावांनीं साधावें लागतें. तेव्हां अक्षरास कोन येणें ही धातूची जुनी खोड आहे, नवी टूम नव्हे.

परंतु खरी परीक्षा पुढेंच आहे. घ आणि ध, म आणि भ यांचा भेद केवळ एका गांठीवर व तुटलेल्या शिरोरेषेवर उभा आहे. वळणें सरळ करतांना ती गांठ गेली कीं अर्थ गेला. खुद्द 'खारेपाटण' या नांवाचा आद्य वर्ण 'रव' असा वाचला जाऊं नये, म्हणून लिपिसुधारकांनीं ख चे पाय खालीं जोडले. जुन्या नागरी लेखांत ब च्या जागीं व कोरलेला वारंवार आढळतो. तेथें वाचकास संदर्भावरूनच निर्णय करावा लागतो.

यावरून टंककारांस आमची सूचना इतकीच कीं, कोन हवे तितके धारदार करावे, पण वर्णांचे भेद राखावे. आणि ताम्रपट संग्रहीं असलेल्या सज्जनांस विनंति अशी कीं, केवळ छापील वाचनावर संतोष न मानतां पत्र्याचा ठसा सोबत अवश्य प्रसिद्ध करावा. छापील अक्षर, मग तें वाटोळें असो वा कोनदार, वाचकाची शंका झांकून टाकतें; ठसा ती उघडी ठेवतो. शंका उघडी राहिली तरच पुढील पिढीस आमची चूक सुधारतां येईल.