शेताला नंबर आहे, पत्ता नाही

शेतात कुणाचा जीव गेला की पंचनाम्यात गट नंबर बिनचूक येतो. मौजे अमुक, गट नंबर तमुक, पूर्वेस ओढा, पश्चिमेस चुलतभावाची जमीन. चतुःसीमेसकट सगळं. तालुक्याच्या बातम्या लिहिताना असे कागद मी कितीतरी वाचलेत. पण त्याच माणसासाठी तासाभरापूर्वी १०८ ला फोन गेलेला असतो, तेव्हा संवाद असा होतो: "कुठं यायचं?" "मळ्यात." "कुठल्या मळ्यात?" "वडाच्या पुढं, डीपीपासून डावीकडं वळा, कुणालाही विचारा." रात्री दहा वाजता कुणाला विचारणार?

गट नंबर फोनवर कुणीच सांगत नाही. आणि सांगितला तरी ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नाही. मित्रहो, हे असं का झालं, त्याचं उत्तर जवळपास १९० वर्षं मागे आहे.

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे शेतांना नावं होती. पेशवाईतल्या 'थळझाडा' नावाच्या कागदांत गावातल्या जमिनीचे थळ नोंदवलेले सापडतात, आणि पुष्कळ थळांना जुन्या कुणब्यांच्या घराण्यांची नावं आहेत. घराणं गाव सोडून गेलं तरी थळाला नाव तेच. गावच्या माणसाला ते पुरेसं होतं. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नसे.

१८१८ नंतर नेमकी हीच कंपनी सरकारची अडचण झाली. सारा कुणाकडून आणि किती घ्यायचा? प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात पहिली मोजणी केली, ती फसली. आकारणी इतकी जड झाली की लोक जमिनी टाकून निघाले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं सुरुवात केली. साधारण एका बैलजोडीला झेपेल एवढी जमीन म्हणजे एक नंबर. ३३ फुटांची साखळी, टिपण, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड, आणि ठरलेला सारा ३० वर्षं कायम. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आपला 'सर्व्हे नंबर' तिथून आला.

काम मोठं होतं, यात वादच नाही. आजही मोजणीचं भांडण लागलं की शेवटी जुनं टिपणच काढतात. पण ते कुणासाठी केलं होतं हे विसरायला नको. नंबर दिला तो सारा वसूल करणाऱ्यासाठी. त्याला रात्री-बेरात्री शेतात पोचायचं नव्हतं, त्याला दप्तरात ओळ शोधायची होती. म्हणून प्रत्येक गावात मोजणी १ पासून सुरू. गट नंबर २१४ एकट्या आपल्या जिल्ह्यात शेकडो गावांत निघेल. आणि २१४ च्या शेजारी २१५ असेल, पण दोघांच्या वाटा दोन वेगळ्या दिशांनी असतील. नंबर जमिनीला आहे, वाटेला नाही.

पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. एकत्रीकरण झालं त्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हातारी माणसं अजून जुना नंबर सांगतात, तलाठी नवा मागतो, आणि वाटण्या होऊन २१४/१/अ झालेलं असतं ते वेगळंच. सात-बारा मोबाईलवर आला, जमिनीला भू-आधार आला. बांधावर मात्र पाटी आली नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजांनीच जमीन मोजली. टाउनशिप, तिच्यात 'कन्सेशन' नावाचे लांब पट्टे, पट्ट्यात शंभर-दोनशे एकरांचे 'लॉट'. प्रत्येक टाउनशिपमध्ये नंबर परत १ पासून. म्हणजे आपलीच गत. जमीन वाटायला आणि दप्तर ठेवायला सोपं, शोधायला अवघड.

पुढे तिथे ग्रामीण भागात ९११ ही तातडीची फोनसेवा पोचली, तेव्हा त्यांना कळलं की लॉट-कन्सेशनवर गाडी पाठवता येत नाही. म्हणून रस्त्यावरच्या घरांना नवे नंबर दिले आणि प्रवेशाच्या तोंडाशी रात्रीही चमकतील अशा पाट्या लावल्या. पण नंबर मिळाला तो घराला. ज्या शेतात घर नाही, नुसती जमीन, कुरण किंवा झाडी आहे, ते राहून गेलं.

२०१४ साली तिथल्या हेस्टिंग्ज काउंटी भागात सात वर्षांची एक मुलगी शेतातल्या अपघातात गेली. शेताच्या तोंडाशी नंबरची पाटी नव्हती, आणि मदत वेळेत न पोचण्यामागे ते एक कारण होतं. त्यानंतर तिथल्या शेतकरी संघटना आणि स्थानिक पालिकांनी मोहीम उघडली: 'फार्म ९११, द एमिली प्रोजेक्ट'. मागणी साधी. घर नसलेल्या शेतालाही नंबर द्या. आज ओंटारियोतल्या अनेक पालिका शेतकऱ्यानं अर्ज केला, शुल्क भरलं की मोकळ्या जमिनीसाठी अशी पाटी देतात. ती लागते शेताच्या मधोमध नाही, तर रस्त्यावरून आत शिरायच्या जागी.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी वाटेला नंबर दिला.

आता कुणी म्हणेल, हल्ली व्हॉट्सअॅपवर लोकेशन टाकता येतं की. येतं, रेंज असेल तर, साधा फोन नसेल तर, आणि टाकणाऱ्याचे हात थरथरत नसतील तर. शिवाय लोकेशन जागा दाखवतं, वाट नाही. समोर दोनशे मीटरवर माणूस पडलेला दिसतोय आणि मधे कालवा आहे, पूल दोन किलोमीटर मागं राहिला, हे नकाशातल्या ठिपक्यावरून कळत नाही. टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशातल्या दर चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी संकेत. छान आहे. पण साप चावलेल्या बाईच्या सासूनं तो फोनवर पाठ म्हणून दाखवावा, ही अपेक्षा कुणी करू नये.

आपली शेतं लहान, कित्येकांना तर थेट रस्ताच नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला पाटी नकोच. पाणंद, शिवरस्ता किंवा कालव्याची वाट डांबरीवरून जिथं फुटते, तिथं एक पाटी पुरे. गावाचं नाव, वाटेचा नंबर, आत कुठल्या वस्त्या आणि कुठले गट लागतात ते. चमकणारा रंग, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी. लोखंडी अँगल आणि पत्रा, एवढाच खर्च. वेशीवर वाढदिवसाचे फ्लेक्स वर्षातून किती वेळा बदलतात ते बघा आणि मग पैसे नाहीत म्हणा.

यादी ग्रामसभेत करता येईल. गावच्या वाटा गावालाच ठाऊक असतात. ती यादी पोलीस ठाणं, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १०८ च्या ड्रायव्हरकडे गेली पाहिजे, नाहीतर पाटी नुसती शोभेची. आणि कुणाची वाट न बघता आजच करण्यासारखं एक काम: मोटारीच्या स्टार्टर पेटीच्या दारावर आतून गावाचं नाव, गट नंबर आणि 'अमुक पुलाजवळून आत या' हे ऑइल पेंटनं लिहून ठेवा. शेतात मदतीला धावून आलेला परका मजूरसुद्धा ते वाचून सांगू शकेल.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर सरकार दोन लाखांचं अनुदान देतं. त्या अर्जाला सात-बारा जोडावा लागतो. म्हणजे माणूस गेल्यावर शेत कुठं आहे हे सरकारला कळतं. माणूस जिवंत असताना ते अॅम्ब्युलन्सला कळावं, एवढंच मागणं आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. तुमच्या गावात एखाद्या पाणंदीला आधीच नंबरची पाटी असेल तर फोटो पाठवा, बाकीच्या गावांना दाखवता येईल.