सिम्पसन्सचा भूतकाळ आणि वाशीमचा ताम्रपट

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी विनोदी ॲनिमेशन मालिकेच्या चाहत्यांत एक वाद वर्षानुवर्षे धुमसतो आहे. १९९१ च्या एका भागात होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेत भेटतात. २००८ च्या दुसऱ्या भागात मात्र त्यांचे लग्नापूर्वीचे दिवस थेट १९९० च्या दशकात! मालिका १९८९ पासून चालू आहे आणि बार्ट अजून दहाच वर्षांचा आहे. मुलगा वाढत नसेल, तर आईबापांचे तारुण्य पुढे सरकवावे लागते. मग खरे कोणते?

आमच्या मालेगावशेजारच्या वाशीमचा, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचा, पूर्वेतिहासही असाच एकदा बदलला. १९३९ साली तेथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तोवर या घराण्याची वत्सगुल्म शाखा वेगळी होती, हेच ठाऊक नव्हते. त्या आधारे वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील झिजलेला लेख नव्याने वाचला आणि वंशावळीत सर्वसेनाला त्याची जागा मिळाली.

पण हे दोन बदल एकाच जातीचे नव्हेत. सर्वसेन चौथ्या शतकात होऊन गेलाच होता. बदलले ते आपले वाचन. होमरचा भूतकाळ मात्र लेखकांनीच बदलला, आणि तो पडताळायला ताम्रपट कुठून आणणार? म्हणून जुन्या भागाला ‘चूक’ ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन्ही भाग आपापल्या काळाची अस्सल साधने आहेत. नव्वदीतल्या होमरने ग्रंज बँड काढावा, यातून २००८ च्या प्रेक्षकाला कोणते दशक ‘जुने’ वाटू लागले होते ते कळते.