शाईबदल, लेखणीची स्वच्छता आणि मालवण किनाऱ्यावरील कागदपत्रे

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांची चर्चा बहुधा मजकुराभोवती फिरते. कागद कोणाचा, मायना कोणता, शिक्का खरा की बनावट, हे प्रश्न इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काळापासून विचारले जात आहेत. मजकूर ज्या द्रवाने कागदावर उतरला त्या शाईकडे, आणि ती शाई ज्या साधनातून उतरली त्या लेखणीच्या निगेकडे, अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ही उपेक्षा निदान किनारपट्टीच्या अभ्यासकाला परवडणारी नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात कागद वाचतो की जातो हे पुष्कळदा शाईवर ठरते.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण-वेंगुर्ले किनाऱ्याच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीचे उल्लेख जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे, आणि १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानाचेही समजावेत.

बोरूची शाई

बोरूच्या काळात शाई बदलणे ही क्रिया इतकी सोपी होती की तिला वेगळे नावही मिळाले नाही. बोरूच्या पोटात शाई साठत नाही. दौतीत बुडवावा, चार शब्द लिहावेत, पुन्हा बुडवावा. काळ्या शाईनंतर तांबडी हवी असल्यास टोक फडक्याने पुसले, किंवा दुसरा बोरू उचलला, की काम भागे. टोक फारच माखले अथवा बोथट झाले तर चाकूने नवे तासता येई. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील ‘लेखनक्रियानिरूपण’ या पहिल्याच समासात अक्षराच्या वळणाबरोबर बोरू, हिंगूळ आणि शाई यांच्या संग्रहाचाही विचार केला आहे. सतराव्या शतकातील लेखकाला लेखनसामग्री हा गौण विषय वाटत नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

ही काळी शाई मुख्यतः काजळीची. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी यांचा दीर्घकाळ खल करून ती सिद्ध होई. कोठे माक्याचा रस घालीत, कोठे लाख आणि टाकणखार यांचा काढा. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. तो उजेडाने विटत नाही आणि कागदालाही खात नाही. ओल लागली तर डिंक सुटून अक्षर पसरते हे खरे, पण रंग उडत नाही. तांबडा रंग हिंगुळाचा, तर चुकलेले अक्षर झाकण्यासाठी पिवळा हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्या दुरुस्तीतून आला आहे. तो आज वापरणाऱ्यांपैकी किती जणांना त्यातला पिवळा रंग दिसत असेल हा प्रश्नच आहे.

याच किनाऱ्यावर दुसरी एक शाई नांदत होती. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, दक्षिणेस गोव्यात पोर्तुगीजांचा कारभार चालू होता, आणि १८१२ साली मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले. युरोपीयांची दप्तरे लोहशाईने लिहिली जात. माजूफळासारख्या तुरट द्रव्याचा काढा आणि हिराकस यांच्या संयोगाने ती बनते. कागदावर उतरताना ती फिकट असते, आणि हवेशी संयोग होऊन काळी पडते. पाण्याला ती दाद देत नाही, परंतु तिच्यातील आम्ल कागदाला पोखरते, आणि जुन्या डच व पोर्तुगीज कागदांवर अक्षरांच्या जागी जाळी पडलेली आढळते. सावंतांच्या दरबाराचा मोडी कागद आणि वखारीचा डच कागद एकाच दशकातले असले तरी त्यांच्या ऱ्हासाच्या रीती इतक्या भिन्न आहेत.

फाउंटनपेन आणि धुण्याची शिस्त

एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्या आणि शाळांतून पोलादी निबाचा टाक रूढ झाला, तरी दौत कायमच होती. खरा फरक पडला तो फाउंटनपेनमुळे. न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलेल्या पेनात निबाखाली बारीक खाचांची एक पट्टी होती. शाई त्या खाचांतून खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर चढते. खाच केसाइतकी बारीक असल्यामुळेच शाई थेंबाथेंबाने न गळता ओळीने झरते. परंतु त्याच कारणाने पेन नाजूक झाले. काजळीची शाई या खाचांत वाळली की पेन कायमचे निकामी होते. शतकानुशतकांची घरगुती शाई नव्या लेखणीत घालताच येईना. लेखणी बदलल्यामुळे शाई बदलावी लागली, असे म्हणणे येथे अधिक योग्य ठरेल.

नवी शाई बाजारातून येऊ लागली. १९३१ साली अमेरिकेत पार्करची ‘क्विंक’ ही लवकर वाळणारी शाई निघाली. त्याच वर्षी दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधू गोविंद यांच्यासह मुंबईत गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करण्यास आरंभ केला. फाउंटनपेनसाठी त्यांची ‘कॅमल’ शाई लवकरच त्यामागून आली. कोकणातला चाकरमानी ज्या गिरगाव-परळच्या चाळींतून गावी पत्रे धाडी, तेथूनच ही शाईही निघत होती. स्वदेशीच्या चळवळीचा याला संदर्भ आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडविलेल्या देशी फाउंटनपेनविषयी गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिले होते, हे येथे नमूद करावे.

बाजारातील शाई प्रामुख्याने दोन प्रकारची होती. एक निळी-काळी, म्हणजे सौम्य केलेली लोहशाई. दुसरी निळी, तांबडी, हिरवी, जांभळी अशी रासायनिक रंगांची. पुढे भारतीय मानकांतही हे दोन प्रकार स्वतंत्र ठेवले गेले. पेन धुण्याची गरज उद्भवते ती येथे. निळी-काळी शाई आम्लधर्मी असते, तर रंगाच्या काही शाया अल्कधर्मी. पेनात पहिलीचा अंश उरलेला असताना दुसरी भरली तर दोहोंच्या संयोगाने साका बसतो आणि खाचा बुजतात. म्हणून शाई बदलण्यापूर्वी पेन उघडून, निब आणि पट्टी थंड पाण्यात भिजवून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे, मग टोक खाली करून टीपकागदावर निथळू द्यावे, ही रीत रूढ झाली. गरम पाणी वर्ज्य, कारण एबोनाइटची नळी त्याने विटते आणि सेल्युलॉइडची वाकते. स्पिरिटही टाळावे लागे. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नये हाही त्या शिस्तीचाच भाग, अन्यथा सारी बाटली नासते.

किनाऱ्यावर या रीतीला स्थानिक अडचणी होत्या. समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी ठिकठिकाणी मचूळ. त्यातील क्षार खाचांत वाळून राहतात, तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी अधिक उपयोगी. दमट हवेत शाईला बुरशी येते. ती टाळण्यासाठी कारखानदार शाईत फिनॉलसारखे द्रव्य घालीत. स्वस्त पेनांची पोलादी निब निळ्या-काळ्या शाईतील आम्लाने आणि खाऱ्या हवेने गंजे. मग साहजिकच लोक रंगाच्या शाईकडे वळत. ती धुवायला सोपी आणि निबाला सौम्य होती. पण जी शाई पेनातून साध्या पाण्याने निघते ती कागदावरूनही निघते.

कागदपत्रांचे वय आणि आयुष्य

येथे प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही. फाउंटनपेनची प्रमुख दशके म्हणजे साधारण १९३० ते १९७० आणि कोकणातील जमीनसंबंध उलथून टाकणारी वर्षे एकच आहेत. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा, खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ सालचा, आणि कृषक दिन १ एप्रिल १९५७. कुळाच्या हातातील खंडाची पावती, खोताच्या घरची वसुलीची वही, देवस्थानाचा जमाखर्च या सर्वांना त्या काळात पुराव्याचे मोल आले. सरकारी नोंदीसाठी टिकाऊ निळी-काळी वापरण्याकडे कल असे. खाजगी पावतीला जी शाई पेनात असेल ती.

परिणाम असा की, कौलारू घरातल्या एकाच पेटीत दीडशे-दोनशे वर्षांचा मोडी कागद काळाभोर आणि सत्तर वर्षांपूर्वीची पावती फिकट निळसर डाग होऊन राहिलेली, असे घडू शकते. वय अधिक म्हणून धोका अधिक, हे गृहीतक येथे चालत नाही.

धुण्याच्या शिस्तीचा, किंबहुना तिच्या अभावाचा, संशोधकाला एक उपयोगही आहे. न धुतलेल्या पेनात नवी शाई भरली की पहिल्या काही ओळींत जुना रंग मिसळून येतो आणि हळूहळू निवळतो. सलग लिहीत गेलेल्या वहीत असे संक्रमण स्वाभाविक मानावे. उलट दोन जुन्या नोंदींच्या मध्ये एकच ओळ स्वच्छ वेगळ्या शाईची असेल, तर ती मागाहून घुसविली असण्याची शक्यता तपासली पाहिजे. हा निर्णायक पुरावा नव्हे. पेन धुतलेले असेल, दुसऱ्याचे असेल. तरीही हस्ताक्षर आणि शाई दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तर त्याची दखल घेणे भाग आहे.

ही तपासणी डोळ्यांनी आणि भिंगाने करावी. ओले बोट लावून शाई ‘पक्की’ आहे का ते पाहण्याची सवय जुन्या वह्यांच्या बाबतीत घातक ठरते. दप्तरांच्या छायाचित्रणाचा क्रम ठरवतानाही मोडी रुमालांना आपोआप अग्रक्रम दिला जातो. मालवण किनाऱ्यावरील घरगुती संग्रहांत तो क्रम उलटा असावा: आधी रंगाच्या शाईच्या पावत्या, मग निळ्या-काळ्या शाईच्या वह्या, आणि त्यानंतर काजळीचे कागद.