सुक्रेचा शेवटचा भाव

इक्वेडोरने डॉलर स्वीकारला आणि महागाई आटोक्यात आली, असे एका दमात सांगितले जाते. वर्षवार आकडे मांडून पाहिल्यावर मला हे विधान पुरेसे वाटेना. ९ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी १८८४ पासूनचे ‘सुक्रे’ हे चलन सोडून डॉलर घेण्याचे जाहीर केले. दर ठरला डॉलरला २५,००० सुक्रे. बारा दिवसांत माहुआद यांची खुर्ची गेली, निर्णय मात्र टिकला. पण १९९९ अखेर सुमारे ६१ टक्के असलेली महागाई २००० अखेर ९१ टक्क्यांवर पोहोचली!

माझ्या मते, याचे उत्तर त्या २५,००० मध्ये आहे. वर्षभरापूर्वी डॉलर सुमारे ७,००० सुक्रेंना मिळत असे. घसरणीच्या तळाशीच दर बांधल्यामुळे देशातला माल डॉलरच्या हिशेबात फारच स्वस्त ठरला, आणि पुढे त्याचे भाव चढतच राहिले. महागाई २००१ अखेर २२ आणि २००२ अखेर ९ टक्क्यांवर उतरली. बुडत्या बँकांसाठी नोटा छापण्याची वाट बंद झाली, हा लाभ खराच. तेलाचे भाव आणि स्पेनला गेलेल्यांनी घरी धाडलेला पैसाही कामी आला.

किंमत मोजली ती ठेवीदारांनी. मार्च १९९९ मध्ये सरकारने बहुतेक ठेवी गोठवल्या होत्या. वर्षारंभी ज्याचे ७० लाख सुक्रे म्हणजे हजार डॉलर होते, त्याच्या मुद्दलाचे नव्या दराने २८० डॉलर झाले.