अडथळा काढणारी गोळी

मोरी तुंबली की आपण ती मोकळी करतो. जुन्या युरोपातल्या वैद्यांना माणसाचं शरीरही काहीसं तसंच वाटायचं. गेलेनपासून चालत आलेली समजूत अशी : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार द्रव नीट वाहत राहिले की माणूस ठणठणीत. तेच दाट होऊन यकृतात किंवा प्लीहेत अडले की आजार. ती वाट मोकळी करणारं औषध म्हणजे ‘डीऑब्स्ट्रुअंट’. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात हा शब्द सापडतो.

पण पाळी चुकली तरी तिलाही ‘अडथळा’च म्हणत. १७४३ साली इंग्लंडमध्ये जॉन हूपरने ‘फीमेल पिल्स’चं पेटंट घेतलं. बायकांचे ‘अडथळे’ दूर करणारी गोळी, अशी अशा औषधांची जाहिरात व्हायची. पाळी अशक्तपणामुळे थांबली की दिवस गेल्यामुळे, हे सुरुवातीच्या आठवड्यांत वैद्यालाही ठामपणे सांगता येत नसे. त्या संदिग्धतेत बाईला आडोसा मिळाला. गर्भपाताचं नाव न काढता ती औषध मागू शकत होती. विकणाराही नामानिराळा राहायचा.

किंमत मात्र तिचं शरीर मोजायचं. पाळी आणायला वापरत त्या पेनीरॉयलचं, म्हणजे पुदिन्याच्या एका भाऊबंदाचं, तेल यकृताला विषारी असतं.

चार द्रवांचा सिद्धांत मागे पडला, शब्दही कोशापुरता उरला. पण जुन्या जाहिरातीत ‘अडथळा’ दिसला, तर जरा थांबून वाचा. कुणा बाईला उघड बोलता न आलेली गोष्ट त्यामागे असू शकते.