पेण-रोह्यातील शेतीशिक्षण

पेण तालुक्यातील खारेपाट आणि रोह्यातील कुंडलिका खाडीलगतची भातशेती बांधांच्या भरवशावर उभी आहे. उधाणात बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील हंगामाचीही शाश्वती उरत नाही. पूर्वी खारेपाटातील गावकरी सामूहिक श्रमांतून, 'जोळ' पद्धतीने बांध राखत. १९४८ व १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी या कामात शासन उतरले.

बांधाआतील शेतीचे शिक्षण मुख्यतः दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून (स्थापना १९७२) मिळते. विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' या क्षार सोसणाऱ्या भातजाती दिल्या. रोहा तालुक्यातील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्र असे संशोधन शेतकऱ्याच्याच शेतात प्रात्यक्षिकाने दाखविते. ग्रामीण तरुण व महिलांना प्रशिक्षणही देते. कोकणात प्रसार झालेली चारसूत्री भातलागवड हे अशा शिक्षणाचे ठळक उदाहरण. भाताच्या तुसाचा व पेंढ्याचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांमध्ये खोचलेली युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, ही तिची सूत्रे. खोल खोचलेले खत मुसळधार पावसात सहजी वाहून जात नाही.

मात्र क्षार सोसणारे वाणही समुद्राच्या पाण्यात तग धरत नाही. म्हणूनच बांध राखणे हा येथील शेतीचा पहिला धडा ठरतो.